निशाणी हातोड्याची

फौजदाराचा शिपाई तांबट आळीत आला तेव्हा
मी तपेल्याची कड ओढत होतो.
"एक पंच कमी पडतोय. चल."
मखमलाबादच्या वाटेवरची विहीर.
उन्हं कलायच्या आत कागद व्हायला हवा होता.

चौघे आधीच उभे: दोन कुणबी, एक शिंपी,
आणि कासमभाई अत्तार, नाकाला रुमाल लावून.
तिला बाजेवर ठेवलेलं. लुगड्यातून अजून पाणी गळत होतं,
बाजेखालची माती तेवढीच काळी.

चिंतोपंत कारकून बोरू बुडवत स्वतःशीच बोलत लिही:
साळू कोम येसाजी, उमर अदमासे एकोणीस.
डोळे मिटलेले. जीभ दातांत नाही.
डाव्या हातात बांगड्या चार, उजव्यात एक.
"एकच?" शिंपी म्हणाला.
"पाण्यात फुटल्या असतील," सासरा म्हणाला.
पंतांनी लिहिलं: पाण्यात फुटल्या.

पाठ बघायची तर बाईमाणूस,
म्हणून कुंभारीण बोलावली. तिने पदर बाजूला केला,
परत घातला, आमच्याकडे न बघता मान हलवली.
ती मान होय म्हणाली की नाही,
ते कुणी विचारलं नाही.
मार: नाही.

काठावर हंडा. पालथा.
शेजारी दोर, नीट गुंडाळलेला, कोरडा.
जिचा पाय घसरतो तिची घागरही घसरते,
हे पाचही जणांना ठाऊक. पंतांनाही.
"तांबट ना रे तू? भांडं बघून सांग."

मी उचलला. मीच घडवलेला.
गळ्याखाली माझ्या ठोक्यांची ओळ,
दर सातवा जरा खोल, माझा खांदा दुखतो म्हणून.
फिरवून पाहिला. पोचा नाही, चरा नाही,
चिंचेनं घासलेला, तोंड दिसेल असा.
तसं सांगितलं.
हंडा तांब्याचा, नग एक, साबूत. खुणा नाहीत.

नव्हत्याच.
नऊ दिवसांपूर्वी मीच काढल्या होत्या.

दुकानाच्या पायरीवर बसली होती ती,
उजवा हात पदराच्या आत.
दगडावर पडलेल्या भांड्याला टोकदार पोचा येतो,
भिंतीवर आपटलं तर कड दुमडते.
हा रुंद होता, उथळ.
ज्यावर आदळला ते
तांब्याइतकंही कडक नसावं, असा.
चाळीस वर्षं तांबं वाचतोय. वाचलं.
मग आतून मेख लावली आणि हलक्या हातानं
सगळं पहिल्यासारखं केलं.
दीड आणा झाला. तिनं एक दिला,
दोन पैसे आषाढात देते म्हणाली.

पंतांनी कागद वाचून दाखवला:
पाणी भरतेवेळी पाय घसरोन, पडोन, बुडोन मयत.
कोणाचा संशय नाही.
सिव्हिल सर्जनाकडे धाडण्याचे कारण नाही.
कुणब्यांनी नांगर काढला, शिंप्यानं कात्री,
कासमभाईंनी आपली लपेटेदार सही.
"तुझी निशाणी?"
मी दुसरं काय काढणार.
शाई जास्त झाली, हातोड्याचा दांडा पसरला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी येसाजी हंडा मोडीत घेऊन आला.
सोयरीक जमली होती, नवा हवा होता.
साडेचार शेर भरला. तांबं चोख, पैसे चोख दिले.
वितळवायचा म्हणून फळीखाली ठेवला, तो तिथंच आहे.

मुलगा विचारतो, एवढं तांबं अडकवून का ठेवलंय.
मी नखानं वाजवून दाखवतो: गळ्याशी टण्ण,
बुडाशी टण्ण,
आणि इथं, पोटावर, कान लाव, इथं,
बद्द.
तो म्हणतो, मला तर
सगळीकडे सारखंच ऐकू येतं.