वायोमिंगचा धुरा

ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत आमची अभ्यासिका.
सात खुर्च्या, एक कूलर (पाणी मीच भरतो)
आणि भिंतीवर जगाचा नकाशा, ज्यात
अजून सोव्हिएत संघ आहे.
भूकरमापकाची परीक्षा मी दोनदा दिली.
विचारलं ते येत नव्हतं,
येत होतं ते कुणी विचारलं नाही.

उदाहरणार्थ, वायोमिंग.
अमेरिकेच्या पश्चिमेला, चौकोनी,
गाव-नकाशावरच्या एखाद्या गटासारखं.
अख्ख्या राज्यात माणसं
आपल्या अमरावती शहराहून कमी.
कागदावर चारी रेघा सरळ होत्या,
पण मोजणीवाले साखळ्या घेऊन डोंगरात शिरले
आणि रेघ ठिकठिकाणी वाकली.
खांब रोवला तिथं धुरा.
वाकडा तर वाकडा, तोच कायदा.
हे वाचलं त्या रात्री मला फार चांगली झोप लागली.

तसा अमेरिकेशी आपला जुना व्यवहार.
तिकडं भाऊ भावावर बंदूक धरून उभा राहिला
तेव्हा वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला.
तिकडं लढाई थांबली, इकडं भाव पडला.
कोण जिंकलं हे इथं कितीजणांना कळलं असेल
कुणास ठाऊक.

पंचफुलाबाई खंडारे आमच्या शेजारच्या.
वार्ड तीनच्या मेंबर.
मिटिंगचं रजिस्टर सहीसाठी त्यांच्या घरी जातं;
त्या रजिस्टरकडं कधी आल्या नव्हत्या.
एका संध्याकाळी आईकडं विरजण मागायला आल्या,
तेव्हा मी सहज सांगितलं:
वायोमिंगमध्ये बायांना मत मिळालं अठराशे एकोणसत्तरला.
पुढच्या वर्षी लॅरमी गावात
सत्तरीची एक म्हातारी भल्या सकाळी निघाली,
हातात छोटी बादली, आंबवण आणायला,
आणि वाटेत मत देऊन आली.

"इरजन आनाले?"
"तसंच काहीतरी. पावाचं."
"मंग आनलं का तिनं?"
हे पुस्तकात नव्हतं.
मी म्हटलं, आणलं असेल.
"काहून देलं बाप्पा त्याह्यनं मत? येवढे चांगले होते?"
मी म्हटलं, सहा बाप्यांमागं एक बाई होती तिथं.
बाया याव्यात म्हणूनही दिलं म्हणतात.
त्या हसल्या. पदराआड नाही, उघड.

मग वाटी हातात तशीच धरून विचारलं,
"पयले कोन राहे तिथं?"
मी म्हटलं, शोशोनी. अरापाहो. अजून कितीतरी.
"त्याह्यच्या बायाइले देलं का मत?"
नाही.
"त्याह्यच्या वावराचा धुरा कोनं मोजला?"
त्याबद्दल माझ्या पुस्तकात दीड ओळ आहे.
ती मी वाचून दाखवली नाही.
कोळशाच्या खाणीतल्या चिनी मजुरांचंही काही सांगितलं नाही,
ज्यांच्या झोपड्या पेटवल्या, अठ्ठावीस माणसं मारली,
आणि शिक्षा कोणालाच झाली नाही.
परीक्षेत तेही येत नाही.

नंतरच्या गुरुवारी मिटिंग होती.
मी कूलरमध्ये पाणी ओतत होतो.
पंचफुलाबाई आल्या, हातात झाकलेली स्टीलची वाटी.
"खुर्ची दे रे एक. तिकडं पुरत नाही म्हन्ते सचिव."
मी दिली. त्यांनी स्वतःच उचलली,
वाटी माझ्या टेबलावर ठेवून.

भिंतीपलीकडून ऐकू आलं ते एवढंच:
आमच्या मसणवटीचा रस्ता नकाशात बारा फूट हाये.
तिरडी आडवी करून न्या लागते.
मोजा.
मग पंखा. मग कुणाचा तरी खोकला.
मग सचिवाचा आवाज: पुढच्या सभेत ठेवू.
मग पुन्हा त्याच: आता लिवा, मी बसली हावो.

अंधार पडला तरी बाई बाहेर आल्या नाहीत.
वाटी मीच त्यांच्या घरी पोचवली.
सून म्हणाली, दूध केव्हाचं कोमट होऊन थंड झालं.

रस्ता अजून मोजलेला नाही.
माझी सातवी खुर्ची तिकडंच आहे.
मी मागितलेली नाही.