नाकतोड्याचं विशेषण

शब्दकोशवाल्यांनी या खेपेला
विनिफ्रेड ऑल्डसकडे धाडलेला शब्द: स्ट्रिड्युलस.
उच्चारतानाच पायावर पाय घासतो.
आपल्याकडचा 'कर्कश' याच्यापुढे फार धिप्पाड,
'चिरका' जवळचा, पण त्याला पंख नाहीत.

नॉरफकमधलं घर. खिडकीबाहेर बोरूचं रान.
बिस्किटांच्या डब्यात कोरी कार्डं.

पहिलं कार्ड सोपं.
अंग अंगावर घासून गाणारे किडे,
आणि एका पाद्र्याच्या रोजनिशीतली ओळ:
"आज प्रवचनभर गवतातले स्ट्रिड्युलस श्रोते
माझ्याहून वरचढ."
ती एकटीच हसली.

दुसऱ्यासाठी तीस वर्षांची वर्तमानपत्रं चाळली.
नगरसभेत पुरुष गरजतात, कडाडतात,
फार तर तापतात.
हा शब्द फक्त बायांच्या गळ्यात.
तिने पेन्सिलीने लिहिलं: बहुधा स्त्रियांविषयी.
मग त्यावरून शाई फिरवली,
'बहुधा' खोडून.

तिसरा अर्थ वैद्यकातला:
आवळलेल्या श्वासनलिकेतून आत ओढलेला श्वास.

इथे ती उठली. उगाच भांडी विसळली.

क्लेम तेव्हा तीन वर्षांचा.
बर्फ खिडकीच्या उंबऱ्यापर्यंत,
डॉक्टरची गाडी रेल्वे फाटकापाशी रुतलेली.
घोंगडीचा तंबू, आत वाफाळती किटली,
आणि पत्र्यावर करवत ओढावी तसा
एकेक श्वास. ती मोजत होती.
पहाटे चारच्या सुमारास आवाज थांबला.
थांबण्याचेही दोन अर्थ असतात,
कोणता, ते कळायला
किती वेळ लागला, तिने कुणाला सांगितलं नाही.
मग त्याने पाणी मागितलं.

कार्डावर एवढंच: उदा. नको.

ऑगस्टातल्या रविवारी क्लेम येतो,
साठी उलटलेला, बुटांना बार्लीचा भुसा.
कुंपणापाशी उभा राहून म्हणतो,
"आज काय माजलेत गं नाकतोडे!"
तिला नुसता वारा.
वरच्या पट्टीतले सूर आधी जातात,
कानाच्या डॉक्टरने सांगितलं होतं,
फळी निखळल्याइतक्या सहज.
"अजून चालूच आहेत?"
"चालूच."
ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहते,
जणू तिथे लिहिलंय.

ज्या शब्दाची व्याख्या तिच्या अक्षरात छापून येणार
तो गवतभर वाजतोय, तिला वगळून.
शेजारी मुलाचा श्वास तेवढा ऐकू येतो,
चढ चढून आल्यामुळे जरा मोठा,
रुंद, खालच्या पट्टीतला,
विशेषण न लागणारा.