मोजा

कन्हानच्या काठी, वैशाखात,
कौलंसुद्धा धापा टाकत असताना
मिशनच्या शाळेत लोरीबाई
पोरींना लोकरीचे मोजे विणायला शिकवायच्या.
नाव त्यांचं मिस लॉरिमर. गावाच्या जिभेला ते पेललं नाही.

माझी मावशी सकवार, ढिवराची पोर,
हातात दोन सळया, कपाळाचा घाम लोकरीत.
"कोनं घालाचे हे, बाई? न् कवा?"
बाईंनी नकाशावर वर, पार वर बोट ठेवलं.
तिथं म्हणे पाणी टणक होतं,
माणसं त्यावरून चालतात.
"येशू चालला तो असाच का?"
त्या दिवशी शाळा लवकर सुटली.

ताटपट्टी एकच. तिच्यावर
महारांच्या चार, तेल्याची एक, ढिवरांच्या तीन.
कुणब्यांनी आपल्या पोरी उठवून नेल्या.
मग कामठीच्या काट्यावर
पाटलाचा दोन मण कापूस नाहीसा झाला,
आणि तो सापडला
तुळसा रामटेकेच्या पाटीवर, वजाबाकीत.
पाटलानं पाटीवर पाणी शिंपडलं, मग हातात घेतली.
हिशेब पुसून गेला.
तुळसानं पाटी परत मागितली,
पुन्हा मांडला.

सव्वा महिन्यानं पोरी येऊन बसल्या,
पट्टीच्या टोकाला, जरा अंग चोरून.

टाचेपाशी टाके सुटायचे. बाई उसवायच्या,
पुन्हा सुटायचे.
एकदा सकवारनं लोकर हिसकली
आणि बापाच्या जाळ्याची गाठ मारली.
बाई चष्मा पुसून बघत राहिल्या.
पुढच्या टपालानं म्हणे ती गाठ
त्यांच्या बहिणीला गेली, समुद्रापार.
तिकडं कोणाच्या पायात असेल, देव जाणे.
त्यांचा किंवा आमचा.

ख्रिस्ती झालं ते एकच घर,
तेही पुढं नागपूरला, पुतळीघरात कामाला गेलं.
बाई कावीळ होऊन गेल्या.
रुळाच्या तुकड्याची घंटा मात्र राहिली,
बायका अजून तिच्यावर डाळ चढवायच्या,
शाळा बंद पडल्यावरही कोणीतरी ती वाजवायचं.

मोजे कोणीच घातले नाहीत.
बियाणं भरून आढ्याला टांगले.
अजून गावात बियाण्याच्या पिशवीला
मोजाच म्हणतात.

मावशी गेली तेव्हा एक उरला होता,
टाचेला जाळ्याची गाठ,
आत तूर, कीड न लागलेली.
कृषी खात्याचा पोरगा वही काढून म्हणाला,
"किती आहे, आजी?"

म्हटलं, मोजा.