नाग नदीवरचा पूल, रशियन अक्षरांत

कूलर लावला की कार्डं फुगतात,
बंद केला की माणसं वाळतात.
मे महिन्यात नागपुरात भूमापनाचा इतिहास जुळवायचा
तर पहिली अडचण ही,
आणि कुठल्याच ग्रंथाच्या प्रस्तावनेत ती सापडत नाही.
खोब्रागडे सर म्हणतात, कागद दमट झाला
की नकाशाचं प्रमाण ढळतं, निमजे,
मैलामागे आठ-दहा पावलं.
मी खसाच्या टट्टीपासून खोकी दूर सरकवते.
कोरडा राहू दे बिचारा रशिया.

बुटांची बारा खोकी. अठराशे कार्डं.
दोन जर्मन, तीन फ्रेंच,
एक पोलिश, त्यातलं अर्धं मला कळत नाही
आणि उरलेलं कळल्यासारखं वाटतं,
ते जास्त धोक्याचं.
रशियन खोकी सरांच्या पलंगाखाली.
त्यांना आता अक्षरं दिसत नाहीत.
मी वाचते, ते डोळे मिटून ऐकतात
आणि मध्येच बोट वर करतात:
मृदूचिन्ह गिळलंस.
पण सर, त्याला तर आवाजच नाही!
नाही. पण मागच्याला नरम करतं ना.
काऊन घाई करून राहिली? गाडी सुटून राहिली का तुझी?

सगळ्यात लांबलं पुल्कोवोचं प्रकरण.
जर्मन माणसाने ते नाव त्याच्या कानाने लिहिलं,
फ्रेंचाने त्याच्या,
आणि मी तीन वर्षं
एकाच वेधशाळेला तीन गावं समजून
तीन कप्प्यांत बिऱ्हाड दिलं.
कळलं त्या दिवशी जेवण गेलं नाही.
सर मात्र खोकला येईपर्यंत हसले.
अगं, त्यांनी स्वतःच्याच लोकांना द्यायच्या नकाशांत
गावं मुद्दाम हलवून ठेवली होती.
त्याला पगारी माणसं होती.
तू फुकटात केलंस.

मग परवा, एका पोलिश लेखाच्या पाठीला चिकटून
एक झेरॉक्स निघाली.
लष्करी नकाशा. काळपट, कडा कापलेली.
मी सवयीने अक्षरं लावत गेले:
सी, ता, ब, ल...
आणि घशात काहीतरी अडकलं.
खाली इतवारी. खाली नाग नदी,
त्यावर आमचा पूल,
आणि पुलाशेजारी बारीक आकड्यांत
लांबी, रुंदी, किती टन सोसेल.

या पुलावरून माझा बाप
सायकलला लुगड्यांचे गठ्ठे बांधून
अठ्ठावीस वर्षं गेला-आला.
हजारो कोसांवर कुणीतरी
पुलाची ताकद विचारून ठेवली होती.
बापाची कोणी विचारली नाही,
आम्हीही नाही.

सरांना आकडे वाचून दाखवले.
ते बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, रामटेकचा गड घे, सेमिनरी हिल्स घे,
उमरेडकडची एखादी टेकडी घे.
तिघांच्या कोनांची बेरीज किती?
एकशे ऐंशी, सर.
आणि वर चार-पाच विकला.
ती चूक नव्हे.
जमीन वाकलेली आहे, तिचा तो हिशेब आहे.
खोडायची नाही. लिहून ठेवायची.

कार्ड केलं. सतराशे नाही, अठराशे एकवं.
पण लावू कुठे?
नागपूर असा कप्पाच नव्हता आमच्याकडे.
इतकी वर्षं घरात बसून आम्ही
घर सोडून सगळं लावत होतो.

सर म्हणाले, मूळ भाषा कोणती?
रशियन.
मग त्यांच्या हिशेबाने लाव.
मी पलंगाखालचं खोकं ओढलं,
'परदेश' लिहिलेला पत्ता शोधला
आणि त्यामागे, अफगाणिस्तानानंतर बरीच मागे,
स्वच्छ अक्षरांत लिहिलं:
नागपूर. इतवारी. पूल एक.
बापाचं नाव त्या कार्डावर बसत नव्हतं.
पाठीमागे लिहिलं, पेन्सिलीने.

शाई वाळेपर्यंत कूलर बंद ठेवला.
सर घामाने भिजले, पण बोलले नाहीत.