केसाकडची बाजू

मुहर्रकला ऑगस्टमध्ये दाराबाहेर पाऊल टाकलं
की चष्मा आंधळा होतो.
समुद्र उभाच्या उभा हवेत चढलेला.
आत मात्र ओल पन्नास टक्के. पंचावन्न झाली
तर माझा फोन वाजतो, रात्री तीनलाही.

त्या पेटीसाठी मी आहे इथे.
पेटीत एक पान. पान म्हणतात,
झाडाशी संबंध काही नाही.

इलोनाबाई बुडापेस्टहून आल्यात तीन आठवड्यांसाठी.
भिंगातून दाखवतात : हिब्रू, उजवीकडून डावीकडे,
समासात मुंगीएवढ्या टिपा,
कुणीतरी शब्द मोजून ठेवलेत, एकही सांडू नये म्हणून.
अक्षरं ओळीवर बसलेली नाहीत,
ओळीला लोंबतायत.
आमचीही अशीच, म्हटलं, वाळत घातल्यासारखी.
त्या हसल्या. मग एका जागी बोट थांबलं :
ही चार अक्षरं. लिहायची, पण उच्चारायची नाहीत.
मी मान हलवली.
लांबूनच पाहायचा देव
मला समजावून सांगावा लागत नाही.

वाचता येत नाही मला त्यातलं काही.
पण पान उजेडात जरा तिरकं झालं
आणि ठिपके दिसले,
केसांची मुळं, एका कडेला दाट.
ही केसाकडची बाजू, मी म्हणालो. मागची मांसाकडची,
ती जास्त पांढरी असणार. बकरं असावं.
आणि हे भोक सुरीचं नाही,
जनावर चरत होतं तेव्हाच माशी चावलेली,
ताणल्यावर गोल झालंय.
लिहिणाऱ्यानं शब्द मोडला नाही,
भोक ओलांडून
पलीकडे अख्खा लिहिला.

कुठे शिकलास हे?

कुठे शिकलो.
ढोर गल्ली. चुन्याचे हौद, हिरड्याचं पाणी, बाभळीची साल.
शेजारचा पोरगा बाक सरकवायचा.
मास्तर वही हातात घेत नसत,
ठेव तिथं, म्हणत.
हे इंग्रजीत कसं सांगायचं,
म्हणालो, घरचा धंदा.

पान उलटायचं होतं. मी हातमोजे चढवले.
काढ ते, बाई म्हणाल्या,
कातड्याला कातडंच कळतं. फक्त हात धुऊन ये.

धुतले. दोनदा.
आणि पवित्र ग्रंथाचं पान
दोन्ही तळव्यांवर घेतलं.
गार होतं. कडक. पोटाकडे किंचित मऊ.
कुणी काही बोललं नाही. एसीचा आवाज.

रात्री आबांना फोन लावला.
देवाचं पुस्तक, आबा, कातड्यावर लिहिलेलं.
कसल्या?
बकऱ्याच्या.
हिरड्यात मुरवलंय?
नाही, नुसता चुना, आणि चौकटीवर ताणलेलं.
आबा जरा वेळ गप्प. मागे कुकरची शिट्टी.
चुना नीट धुतलाय न्हवं? न्हाईतर तडकतंय ते.
हजार वरसं झाली, आबा.

मग धुतलाय, म्हणाले.