वरताळा

बेडफर्डला उतरलीस तर मॉलकडे वळू नकोस.
स्टेशनवरून सरळ चालत जा.
वीटभट्टीवर राबायला आलेल्यांनी
गाठोड्यातून आणलेली इटली
अजून दोन-तीन दुकानांत उरलीय.

असुंताबाईंकडे चीज घे,
पण आधी चाखायला माग.
न चाखता घेणाऱ्याला त्या
पिशवी देतात, नजर देत नाहीत.
लिंबं रंगवलेल्या ताटल्या नको;
चीनहून येतात, त्या स्वतःच सांगतात.

मी गेले होते कुकरच्या रिंगेसाठी.
शब्द सापडेना. बोटांनी गोल केला, तोंडानं शिट्टी.
डोनातो आजोबांनी माळ्यावरून
कॉफीच्या भांड्याची रिंग काढली, फुंकर मारून पुढं केली.
लहान होती. तरी घेतली.
कुकर अजून गळतोय.

आणि ऑलिव्ह. पाव किलो तोलून झाले,
काटा थांबला,
तेव्हा बाईंनी मूठभर वर टाकले.
"आमच्यात याला वरताळा म्हणतात," मी म्हटलं.
त्यांच्या गावचाही एक शब्द होता,
ओठांपर्यंत आला, मग आठवेना.
डोनातोंकडे पाहिलं. त्यांनाही नाही.

गल्ल्यावरची सून मान वर न करता म्हणाली,
"इथं त्याला तोटा म्हणतात."