मोजणी

घर घेतलं तेव्हा उताराचा हा तुकडा फुकटात आला.
वर ओकची चार झाडं, खाली हेझेलची दाटी,
आणि मधल्या अर्ध्या उजेडात
लाउरी प्रिचर्डनं तीस वर्षं लावलेलं
मला नावानिशी माहीत नसलेलं सगळं.

किल्ल्यांबरोबर बियांचं एक रिकामं पाकीट होतं,
त्याच्या पाठीवर पेन्सिलीनं:
भिंतीशी खणू नकोस, तिथं ट्रिलियम झोपलंय.
पाचोळा उचलू नकोस. तेच पांघरूण, तेच जेवण.
मे महिन्यात देठ बघ.

देठात काय बघायचं, ते नव्हतं लिहिलेलं.

मी शाळेची बस चालवते.
नांत-इ-गारेगच्या खाणीवरून खाली
बेचाळीस पोरं, दोनदा मोजायची, जाताना आणि येताना.
पहिल्या मे महिन्यात मी फुलंच बघत बसले.
सॉलोमनची मुद्रा म्हणतात त्या झाडाला:
दांडी कमानीसारखी वाकलेली,
आणि खाली ओळीनं पांढरी फुलं,
दोरीवर वाळत घातलेले तान्ह्या बाळाचे मोजे.

जूनमध्ये तीन दिवस पाऊस लागला.
चौथ्या दिवशी दांड्या होत्या, शिरा होत्या,
पानं नव्हती.
वादळानं कापड नेलेल्या छत्र्या.
आणि काड्याकाड्यांवर राखाडी अळ्या, काळ्या डोक्याच्या,
पंगत उठली तरी पानावरून न उठणाऱ्या.

इदवाल कुंपणापलीकडून म्हणाला,
"मेलं ते. उपट, नि नेचे लाव.
नेच्यांना कोणी तोंड लावत नाही."

उपटायलाच बसले होते.
मातीत बोट घातलं तर गड्डा लागला, आडवा, अंगठ्याएवढा जाड,
आणि त्याच्या पाठीवर गोल गोल शिक्के,
वाळून गळालेल्या दर दांडीमागे एक.
एकोणीस मोजले.
एकोणीस वेळा हे असं वर गेलं होतं
आणि काहीतरी त्याला खाऊन गेलं होतं, किंवा नव्हतं.
माती परत सारली. हात पँटला पुसले.

दुसऱ्या वर्षी गोगलगायींसाठी बिअरची बशी ठेवली.
गोगलगायी प्यायल्या. अळ्या नाही प्यायल्या.

तिसऱ्या मे महिन्यात, एका रविवारी,
बूट बांधायला वाकले तेव्हा दिसलं:
देठावर जांभळी रेघ,
नखानं ओरखडावं तशी, बारीक.
करवतमाशीनं तिथं चीर पाडून
आत अंडी ठेवून दिली होती,
आणि वरून झाड इतकं हिरवंगार, इतकं निर्धास्त.

जूनमध्ये बस उभी करून रोज संध्याकाळी
एकेक पान उलटं करायचं,
दोन बोटांनी टिपायचं, बरणीत टाकायचं.
औषध फवारलं नाही. पाचोळ्यात बेडूक राहतो,
त्याच्याशी माझं भांडण नाही.

बरणी घेऊन लाउरीला भेटायला गेले,
वृद्धाश्रमात, खिडकीजवळची खुर्ची.
"कोण गं तू?"
मी नेस्ट. तुमचं घर घेतलं.
"कोण?"
मी बरणी पुढे केली.

तिनं चष्मा शोधला, काच पुसली,
बरणी उजेडाला धरली,
आणि तोंड असं केलं
जसं जुनं देणं बुडवलेला माणूस बाजारात दिसावा.
"किती?"
त्रेचाळीस.
"खोटं. पानाच्या खालच्या बाजूला बघितलंस?
देठाशी, घडीत?"
बघितलं.
"नाही बघितलंस. परत मोज, मार्गेड."

मार्गेड कोण, ते नर्सलाही माहीत नव्हतं.

रात्री साडेनऊला इकडे अजून उजेड असतो, दुधात पाणी घातल्यासारखा.
गुडघे पाचोळ्यात ओले, तोंडात टॉर्च.
चव्वेचाळीस. पंचेचाळीस.
घडीत, देठाशी, होत्या.
कुंपणापलीकडे दुसरा टॉर्च लागला, खाली वाकला,
आणि इदवालचा आवाज, जरा ओशाळा:
"ते रेघ म्हणतेस ती... जांभळीच असते ना?"
टॉर्च तोंडात होता.
हूं, म्हटलं.
सेहेचाळीस.